व्हायोलिननं मांडी घातली तेव्हा

'एक्सपरिमेंटल म्युझिक' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चेलो, बर्लिन आणि काळे कपडे येतात ना? जरा आपल्याच जिल्ह्यातल्या औंधकडे बघा.

तिथले दरबारी गायक अंतूबुवा जोशी यांचे चिरंजीव गजाननबुवा (१९११-१९८७). गाणं घरातलंच, पण पठ्ठ्यानं गाण्याच्या जोडीला धरलं ते विलायती व्हायोलिन! तिकडे हे वाद्य हनुवटीखाली धरतात, समोर नोटेशन असतं. आपल्याकडे मांडी घालून, टोक पायावर टेकवून, तारा सा-पच्या हिशेबानं लावून वाजवतात. बुवांनी त्यावर चक्क ख्यालाची बढत केली. पुढची तान कुठं वळणार, ते त्या क्षणी ठरणार. हे इम्प्रोव्हायझेशन नाही तर काय?

आता मुद्दा. सहा महिने यूट्यूबवर शिकून 'फ्यूजन' करणाऱ्यांचं मला फारसं कौतुक नाही (राग आला तर येऊ द्या). बुवा मूळचे ग्वाल्हेरचे, तरी आग्रा आणि जयपूरची गायकीही रीतसर शिकले. शिवाय आकाशवाणीत नोकरी केली. म्हणून घरचे 'आधी शिरवळच्या एमआयडीसीत चिकट, वाजवणं-बिजवणं नंतर' म्हणाले तर भांडत बसू नका. नोकरी धरा. फक्त शिफ्टचं वेळापत्रक हातात आलं की त्यात रियाजाचे तास आधी लिहा, आणि ते ओव्हरटाइमला विकू नका.

अंतूबुवांनी सुरू केलेला औंधचा संगीत महोत्सव अजून भरतो. यंदा जा. पुढं बसा, मोबाइल खिशात ठेवून.