रेषा खांद्यातून येते

डिजिटल चित्रात रेषा सावरून धरणारा स्टॅबिलायझर लावून काढलेली रेषा म्हणजे फसवणूक, असं मानणारे कलाशिक्षक मला वरचेवर भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. दिवाळी अंकांसाठीची माझी रेखाचित्रं मी क्रिता या मोफत मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये काढते. त्यातल्या मुक्तहस्त ब्रशला रेषा सावरण्यासाठी बेसिक, वेटेड, स्टॅबिलायझर असे पर्याय आहेत. गिंपमध्ये तेच काम 'स्मूथ स्ट्रोक' करतो. पेन जिथून गेलं त्या बिंदूंची सरासरी काढत रेषा जराशी मागून येते आणि बारीक थरथर गाळली जाते.

ही थरथर पुष्कळदा हाताची नसतेच. लहान पेन टॅबलेटवर रेखाटायला जेमतेम १५ सेंटीमीटर रुंदी मिळते आणि समोरचा २४ इंची मॉनिटर असतो ५३ सेंटीमीटर रुंद. हात एक मिलिमीटर ढळला की पडद्यावर साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. शिवाय कागदाचा खरखरीतपणा नाही, नजर हाताऐवजी पडद्यावर. कसलेला हातही इथे सुरुवातीला डगमगतो. त्याला थोडा आधार दिला तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते आकडा चढवत नेल्यावर. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं स्टॅबिलायझरमधला 'डिस्टन्स' हा आकडा वाढवून गणपती काढतात. सोंड झोकदार येते, पण मोदकाशी गाडी अडते. मोदकाच्या कळ्या वर येऊन नाकाशी एकत्र मिळतात, तिथे प्रत्येक रेषेला चटकन वळावं लागतं. मागून येणारी रेषा ते वळण आतूनच कापते. कळ्या बोथट होतात, नाक गोल होतं आणि मोदकाचा लाडू होतो. अशा ठिकाणी स्टॅबिलायझरमधला 'डिले' कामाला येतो. तो कर्सरभोवती एक मोकळं वर्तुळ ठेवतो. पेन त्या वर्तुळात आहे तोवर रेषा पुढे सरकत नाही. तेवढ्यात दिशा बदलून घ्यायची, टोक टोकदार येतं. ही सोय मुलांना कुणी दाखवतच नाही.

आणखी एक गोष्ट सेटिंगमध्ये सापडायची नाही. मनगट टेकवून काढलेली कमान लहानच राहते. लांब वळणासाठी हात कोपरातून, खांद्यातून फिरायला हवा. मुलं मात्र चित्र भरमसाट मोठं करून वीतभर रेषा तुकड्या-तुकड्यांनी जोडत बसतात. झूम कमी करा, अख्खं वळण नजरेत घ्या, एका दमात ओढा. नाही जमलं तर पुसून पुन्हा ओढा. हाताला सोयीचा कोन मिळत नसेल तर क्रितामध्ये ४ आणि ६ या कळांनी कॅनव्हास फिरतो, ५ दाबलं की सरळ होतो. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या संकल्पचित्राला बसणारं पोर कागद फिरवून घेतंच. तीच सवय इथेही चालते.

डिजिटल चित्रकलेचे वर्ग घेणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिला महिनाभर स्टॅबिलायझर बंद ठेवून मुलांकडून फक्त लांब रेषा आणि वर्तुळं काढून घ्या. मग तो सुरू करा, आणि आकडा कमीत कमी ठेवायला शिकवा.