काटा जास्त दाखवतो, म्हणून?

पालकहो, ‘काटा जास्तच दाखवतो, पाच-दहा वर चालतं!’ असं आपण गाडी चालवताना सहज म्हणतो. मागे बसलेलं मूल ते ऐकतं.

यात थोडं तथ्य आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नसतं. थोडं जास्त चालतं. पण नेमकं किती? एक्सप्रेसवेवर काटा १०० वर स्थिर ठेवा, मुलाला घड्याळ द्या. एक किलोमीटरला ३६ सेकंद लागले तर वेग ताशी १००, ४० लागले तर ९०. छान गणित आहे हे!

फरक सापडला तरी तेवढी सूट घेऊ नका. वेग १०० चा ११० झाला, की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला साधारण २१ टक्के जास्त अंतर लागतं. कॅमेरा नसला तरी हे बदलत नाही. मर्यादा काट्यावरच पाळा. मुलं तेच शिकतील.