पदक आणि शुद्धिपत्र

अमेरिकेच्या सैन्यातील सक्रिय सेवेतून मुक्त होणाऱ्या सैनिकाच्या हाती १९५० पासून एक कागद दिला जातो. त्याचे नाव डीडी-२१४. नाव, जन्मतारीख, भरतीचा दिवस, हुद्दा, प्रशिक्षण, परदेशातील सेवेचा काळ, सेवामुक्तीचे कारण अशा लहानमोठ्या चौकटींत एका माणसाच्या आयुष्यातील काही वर्षे बसवलेली असतात. त्यांतल्या एका चौकटीत मिळालेली पदके, सन्मान आणि बिल्ले यांची यादी येते. उरलेल्या बहुतेक चौकटी सैन्याने या माणसाचे काय केले ते सांगतात: त्याला कुठे पाठवले, काय शिकवले, केव्हा सोडले. त्या माणसाने स्वतः काय केले, याच्या आसपास जाणारी जागा एवढीच. ती रिकामी किंवा अपुरी राहिली म्हणून तीस-चाळीस, प्रसंगी साठ वर्षांनी अर्ज करणारे वृद्ध सैनिक आणि त्यांच्या पश्चात त्यांची मुले-नातवंडे त्या देशात आहेत. वरवर पाहता हा कचेरीतला रुक्ष व्यवहार आहे. परंतु एका लिखित संहितेत चूक कशी शिरते, ती कोणी सिद्ध करायची आणि दुरुस्ती नेमकी कुठे लिहायची, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परके वाटू नयेत. म्हणूनच या विषयावर मत मांडण्याचे धाडस इथे करीत आहे.

पहिली गोष्ट अशी, की या चुका केवळ लेखनिकाच्या हलगर्जीपणातून होत नाहीत. लेखनिक चुकतोच, हजारो माणसे एकाच महिन्यात घरी पाठवायची असली की तो आणखी चुकतो. पण पुष्कळदा कागद लिहिला गेला त्या दिवशी तो अचूकच असतो आणि नंतर चुकीचा ठरतो. दुसऱ्या महायुद्धातील पायदळाच्या सैनिकांचे उदाहरण घ्या. प्रत्यक्ष लढाईत उतरलेल्या पायदळ सैनिकाला एक विशेष बिल्ला मिळे. १९४७ मध्ये लष्कराने ठरवले, की युद्धकाळात हा बिल्ला मिळवणारा प्रत्येक जण ब्राँझ स्टार या पदकास पात्र आहे. तोवर सैनिक १९४५ चे सेवामुक्तीचे कागद घेऊन आपापल्या गावी शेतावर, कारखान्यात, दुकानात रुजू झाले होते. निर्णय झाला, पण तो घरोघर जाऊन सांगितला गेला नाही. ज्याला कळले त्याने अर्ज केला. ज्याला कळले नाही तो पदकाविना गेला. युद्धकैद्यांसाठीचे पदक तर १९८५ साली निर्माण झाले आणि ते १९१७ पासूनच्या कैद्यांना लागू करण्यात आले. म्हणजे कागद स्थिर राहतो आणि त्याचा अर्थ ठरवणारे नियम पुढे सरकतात. जुन्या संहितेवर नव्या काळाचे वाचन होते असे आपण वर्गात शिकवतो, ते इथे अक्षरशः घडते.

दुसरे कारण आगीचे आहे. सेंट लुईस शहराजवळ अमेरिकी सैनिकांच्या सेवानोंदींचे राष्ट्रीय दप्तर होते. १२ जुलै १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर त्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर आग लागली. दप्तराच्या त्या दालनांत पाण्याचे फवारे बसवलेले नव्हते. आग पूर्णपणे विझली असे जाहीर व्हायला चार दिवसांहून अधिक काळ लागला. अंदाजे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फाइली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या लष्करातील माणसांच्या सुमारे ८० टक्के फाइली गेल्या. हवाई दलाच्या बाबतीत १९४७ ते १९६४ या काळातल्या सुमारे ७५ टक्के फाइली जळाल्या, पण त्याही केवळ वर्णक्रमाने हबर्ड या नावाच्या पुढे येणाऱ्या. आडनावाचे पहिले अक्षर सुदैवी असेल तर तुमचा भूतकाळ शाबूत, नाहीतर राख. या फाइलींच्या प्रती काढलेल्या नव्हत्या, सूक्ष्मपटावर त्या उतरवलेल्या नव्हत्या, आणि आत काय काय होते याची सूचीही नव्हती. भिजलेले, अर्धवट जळालेले लक्षावधी कागद त्याच शहरातील मॅकडॉनेल डग्लस या विमान-कंपनीच्या निर्वात कक्षात ठेवून वाळवण्यात आले. कसरीने आणि वाळवीने खाल्लेल्या मोडी दप्तरांवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या संशोधकांना त्या वाळवणाऱ्यांची चिकाटी आणि हताशा दोन्ही समजतील.

त्यानंतर दप्तरातील लोकांनी जे केले त्याचे कौतुकच करायला हवे. मूळ फाइल नाही, तर तिचे प्रतिबिंब इतरत्र कुठे पडले आहे ते त्यांनी शोधले. पगाराच्या पावत्या, माजी सैनिकांच्या खात्याकडे आलेले दावे, प्रत्येक तुकडीने रोज सकाळी पाठवायचे अहवाल. या अहवालांत आज कोण आजारी, कोण बेपत्ता, कोण रुग्णालयात, एवढेच दोन-चार शब्दांत लिहिलेले असे. १९८८ मध्ये लष्करी रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या सांकेतिक नोंदी असलेल्या संगणकीय फितींचा उपयोग असाच ध्यानात आला. माणसाचे चरित्र गेले, पण कोणत्या महिन्यात त्याचा पाय कशाने जायबंदी झाला याचा एक आकडा उरला. त्या आकड्यावरून काहींना त्यांची पदके मिळाली.

मात्र नियमांची भाषा आगीनंतरही फारशी बदलली नाही, आणि माझा मुख्य आक्षेप इथे आहे. अमेरिकेत १९४६ पर्यंत सैनिकाच्या नोंदीतील चूक सुधारायची तर संसदेत त्याच्या नावाने स्वतंत्र विधेयक आणावे लागे. त्या वर्षीच्या कायद्याने हे काम नागरी सदस्यांच्या मंडळांकडे सोपवले. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करू शकते. इथवर सारे समंजस आहे. परंतु मंडळ एका गृहीतकावरून सुरुवात करते: प्रशासनाने त्या वेळी आपले काम नियमानुसार केले असे मानायचे, आणि तसे झाले नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचे. युद्धात जखमी झालेल्यांना मिळणाऱ्या पर्पल हार्ट या पदकासाठी तर जखम शत्रूच्या कृतीमुळे झालेली असावी, तिच्यावर वैद्यकीय उपचार झालेले असावेत आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद असावी लागते. यातली तिसरी अट पाहा. जखम अंगावर आहे, तिचा व्रण म्हातारपणीही दिसतो. पण धुमश्चक्रीत पट्टी बांधणाऱ्या परिचारकाने वहीत लिहिले नसेल, किंवा ती वही सेंट लुईसच्या आगीत गेली असेल, तर पदकापुरती ती जखम झालीच नाही. लिहिणारे हात शासनाचे, सांभाळणारे कपाट शासनाचे, हरवण्याचा दोषही शासनाचा. पुरावा मात्र त्याने आणायचा, ज्याला त्या वहीला हात लावण्याचीही मुभा कधी नव्हती. ज्या नोंदी शासनाच्याच ताब्यात नष्ट झाल्या, त्यांच्यापुरता तरी हा भार उलटा फिरवला पाहिजे असे मला वाटते. अर्जदाराचे कथन सुसंगत असेल, तुकडी आणि तारीख जुळत असेल, तर ते खोटे आहे हे दाखवण्याची जबाबदारी दप्तराने घ्यावी.

हे तत्त्व अमूर्त वाटत असेल तर हेन्री जॉन्सनचे उदाहरण पाहावे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून उभी राहिलेली ३६९ वी पायदळ रेजिमेंट कृष्णवर्णीय सैनिकांची होती. अमेरिकी सेनेने तिला आपल्या गोऱ्या तुकड्यांबरोबर लढवण्याऐवजी फ्रेंच सेनापतींच्या हाताखाली दिले. मे १९१८ मध्ये आर्गोनच्या जंगलाच्या कडेला पहाऱ्यावर असताना जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स या दोघांवर जर्मन टोळीने रात्री हल्ला केला. रॉबर्ट्स जबर जखमी झाला. जॉन्सनने गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने आणि शेवटी सुऱ्याने झुंज देऊन सोबत्याला शत्रूच्या हाती पडू दिले नाही. त्याच्या अंगावर २१ जखमा होत्या. फ्रान्सने त्याला क्रॉस द गेर दिले. त्याच्या स्वतःच्या देशाने काही दिले नाही, आणि सेवामुक्तीच्या कागदांत त्या जखमांचा उल्लेखही आला नाही. १९२९ मध्ये तो गेला. पर्पल हार्ट सुरू झाले १९३२ मध्ये. ते त्याच्या नावे दिले गेले १९९६ मध्ये. त्यानंतर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस, आणि २ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते सर्वोच्च असे मेडल ऑफ ऑनर. या शेवटच्या सन्मानाला मोठा आधार झाला तो सेनापती पर्शिंग यांच्या मे १९१८ मधील एका निवेदनाचा, ज्यात या लढतीचे वर्णन होते. निवेदन शासनाच्याच कागदांत होते. दरम्यानच्या काळात जॉन्सनची कबरही सापडली. ती बेवारशासारखी कुठेतरी असावी अशी समजूत होती. प्रत्यक्षात ती आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत निघाली, विल्यम हेन्री जॉन्सन अशा नावाखाली. एका जास्तीच्या नावाने माणूस इतकी वर्षे दडून राहू शकतो. (लुइझियानातील एका लष्करी तळाला २०२३ साली त्याचे नाव दिले गेले आणि २०२५ साली ते काढून पूर्वीचे नाव परत आणले गेले, हेही इथे नोंदवून ठेवलेले बरे.)

जॉन्सन एकटा नव्हता. दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला मेडल ऑफ ऑनर मिळाले नव्हते. १९९३ मध्ये लष्कराने शॉ विद्यापीठाकडून याचा अभ्यास करून घेतला आणि जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना ते देण्यात आले. व्हर्नन बेकर हा एकटाच ते स्वीकारायला हयात होता.

साहित्याचा वाचक इथे एक शंका काढेल, आणि ती रास्त आहे. युद्धकवितेने आपल्याला पदकांकडे संशयाने पाहायला शिकवले. सिगफ्रीड ससून या इंग्रज कवीने १९१७ साली आपल्या मिलिटरी क्रॉसची फीत मर्सी नदीत फेकून दिली, ही कथा इंग्रजीच्या बहुतेक वर्गांत सांगितली जाते. मग एका फितीसाठी म्हाताऱ्यांनी अर्ज का करीत बसावे? पण ससूनने फेकली ती फीत. त्याचे शौर्य १९१६ मध्येच लंडनच्या राजपत्रात छापून आले होते आणि ते नदीत बुडणारे नव्हते. खुद्द पदक तर २००७ मध्ये मल बेटावरील त्याच्या कुटुंबीयांच्या घरात सापडले. नाकारण्याचा अधिकार मिळालेल्यालाच असतो. जॉन्सनला नदीत फेकायला काही दिलेच नव्हते. विल्फ्रेड ओवेनचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याला मिळालेल्या मिलिटरी क्रॉसच्या प्रशस्तीचे दोन पाठ आहेत. मूळ पाठात त्याने शत्रूच्याच मशीनगनने शत्रूची मोठी हानी केल्याचे म्हटले आहे. त्याच्या पत्रसंग्रहात छापलेल्या पाठात तो शत्रूला कैद करताना दिसतो. करुणेचा कवी माणसे मारताना दिसू नये, अशी कुणाची तरी इच्छा त्या पाठभेदात वाचता येते. पदकाच्या नोंदीतील एक वाक्य इतके महत्त्वाचे असते, की कवीसाठीही ते बदलावेसे वाटते.

दुसरी शंका फसवणुकीची. भार उलटा केला तर खोटी पदके मिरवणारे पुढे येतील. येतीलही. अमेरिकेने २००६ मध्ये अशा खोट्या दाव्यांना गुन्हा ठरवणारा कायदा केला, तो २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला, आणि २०१३ मध्ये लाभ उकळण्यासाठी केलेल्या फसवणुकीपुरता मर्यादित असा नवा कायदा आला. उपाय आहे, तो तोतयांवर वापरावा. तोतये आहेत म्हणून खऱ्या जखमीला दारात उभे ठेवणे हा उपाय नव्हे.

आता दुरुस्ती लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. बहुधा मूळ डीडी-२१४ खोडला जात नाही. डीडी-२१५ नावाचा स्वतंत्र कागद त्याला जोडला जातो. हे शुद्धिपत्रच होय. अर्जदाराला कदाचित कोरा, स्वच्छ, नवा कागद हवासा वाटत असेल, आणि त्यात काही गैर नाही. पण मला शुद्धिपत्राची पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत संपादकांनी नाकारलेले पाठ पुसून टाकले नाहीत, तळटीपांत ठेवले. काय वगळले होते आणि केव्हा, हे दिसले नाही तर दुरुस्ती म्हणजे दुसरे विस्मरण होते.

नोंद उलट दिशेनेही बदलते. १९१७ मध्ये निवृत्त सेनापतींच्या एका मंडळाने मेडल ऑफ ऑनरच्या यादीतून ९११ नावे वगळली. त्यांत यादवी युद्धात शल्यचिकित्सक म्हणून काम केलेली मेरी वॉकर होती. ती सैन्याची सदस्य नव्हती, कंत्राटी डॉक्टर होती, हे कारण. स्त्री असल्यामुळे तिला सैन्यात हुद्दा मिळणे शक्यच नव्हते, हे कारणाच्या मागचे कारण. तिने पदक परत केले नाही. १९१९ मध्ये मरेपर्यंत ती ते छातीवर लावून हिंडली. १९७७ मध्ये नोंदी सुधारणाऱ्या मंडळाने तिचे नाव परत घेतले आणि स्त्री म्हणून झालेल्या भेदभावाचा उल्लेखही केला. त्याच ९११ मध्ये २७ व्या मेन रेजिमेंटचे ८६४ जण होते. १८६३ मध्ये मुदत संपल्यावरही राजधानीच्या रक्षणासाठी आणखी काही दिवस थांबायला त्यांतले सुमारे तीनशे तयार झाले होते. नेमके कोण थांबले याची खात्रीची यादी हाताशी नसल्याने साऱ्या रेजिमेंटच्या नावे पदके पाडली गेली. ती नावे परत आली नाहीत, आणि तेवढ्यापुरते १९१७ चे मंडळ बरोबर होते असे मलाही वाटते. थांबलेल्या तीनशेंनी मात्र न थांबलेल्यांबरोबरच आपले पदक गमावले.