उघड्या टपाची कैफियत

आमच्या शाळेच्या समितीतील एका सद्गृहस्थांनी गेल्या मार्गशीर्षात मला व्हरांड्यात बाजूला घेऊन विचारले, "सर, हे थेर तुम्हांला शोभतात का?" थेर म्हणजे मी घेतलेली मोटार. जुनी, दोनच माणसांची, कापडी टपाची, आणि तो टप मागे दुमडला की आभाळाला मोकळी होणारी. त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत उलट बोलू नये, एवढे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही मिळते. पण उत्तर माझ्याजवळ होते. ते आज देतो, कारण तो प्रश्न एकट्या त्यांचा नव्हता. आपल्या साऱ्या पांढरपेशा समाजाचा आहे.

प्रथम आरोपीची ओळख करून देतो. मोटारीचे नाव सॅन स्टॉर्म. ती सातासमुद्रापलीकडून आलेली नाही, आमच्या शेजारच्या गोव्यात जन्मली. १९९८ च्या सुमारास ती तेथे तयार होऊ लागली. अंग फायबरग्लासचे आणि पोटात रेनॉचे ११४९ सीसीचे, एखाद्या घरगुती मोटारीला शोभेल असे इंजिन. माझ्याकडे आली ती २००३ सालची. मडगावच्या एका निवृत्त गृहस्थांच्या पडवीत ती ताडपत्रीखाली झाकलेली होती. मी बरोबर मिस्त्री नेला होता. त्याने वरच्या चकाकीकडे पाहिलेसुद्धा नाही. फायबर गंजत नाही, गंजते ते खालचे लोखंड, हे त्याला ठाऊक. तो जमिनीवर पाठ टेकून आत शिरला, पेचकसाने ठिकठिकाणी ठोकून आवाज ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "घ्या." पावणेदोन लाखांना सौदा झाला. पैसे रोख, एका कादंबरीच्या मानधनाचे आणि कित्येक उन्हाळ्यांत तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे. पुढे अठ्ठावीस, एकोणतीस, तीस नंबरचे फॉर्म भरले आणि मोटार पत्रादेवीचा नाका ओलांडून सिंधुदुर्गात आली.

आता माझ्या एका सहकाऱ्यांची गोष्ट ऐका. त्यांनीही त्याच सुमारास मोटार घेतली. चौदा लाखांची, सात माणसांची, सात वर्षांच्या हप्त्यांची. त्या सात जागांपैकी सहा रोज सकाळी रिकाम्याच शाळेत येतात. त्यांना कोणी व्हरांड्यात गाठले नाही. उलट पेढे मागितले! म्हणजे कर्ज काढून घेतलेली मोठी मोटार ही प्रतिष्ठा, आणि घामाच्या पैशांत रोखीने घेतलेली छोटी मोटार हे थेर. हा कुठला हिशेब? गणिताच्या तासाला एखाद्या मुलाने असा ताळा मांडला असता, तर आपण त्याला बाकावर उभे केले असते.

म्हणतील, पैशाचे सोडा, पण ही जातच मुळी श्रीमंतांच्या पोरांची. हेही अज्ञान आहे. १९५८ साली इंग्लंडमध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट नावाची उघडी मोटार निघाली. तिचे ९४८ सीसीचे इंजिन आणि पुष्कळसे सुटे भाग तिथल्या साध्या कुटुंबवत्सल मोटारींतून उचललेले होते. खर्च वाचावा म्हणून दारांना बाहेरून मुठी नव्हत्या, की मागे सामानाच्या कप्प्याला झाकण नव्हते. सामान ठेवायचे तर पाठीमागून हात घालून. १९८९ साली जपानच्या माझदाने हीच कल्पना पुन्हा उचलली, आणि २०१६ पर्यंत त्या छोट्या दोन आसनी मोटारी दहा लाख तयार झाल्या. जगात इतके राजेरजवाडे आहेत कुठे? त्या घेतल्या कारकुनांनी, परिचारिकांनी, आणि हो, मास्तरांनीही.

पण माझे खरे भांडण याहून मोठे आहे. आज रस्त्यावर दीड-दीड, दोन-दोन टनांची धुडे धावतात. काचा वर, आत गारवा, आत संगीत. आतल्या माणसाला बाहेरचा माणूस दिसतो तो केवळ अडथळा म्हणून. काचांवर काळी फिल्म चिकटवण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली, तरी आपल्या वृत्तीवरची फिल्म काही निघाली नाही. चिखल उडाला तर उडणाऱ्याचे तोंड पाहावे लागत नाही. कर्णा वाजवला तर तो आपल्याच कानात वाजत नाही. उघड्या मोटारीत ही सोय नाही. मी कोणाला हूल दिली, तर त्याची शिवी मला पूर्ण ऐकू येते. मी लोकांच्या नजरेच्या टप्प्यात असतो, म्हणून नीट वागतो. हा माझा सद्गुण नव्हे. तो टप नसण्याचा गुण आहे.

तिचे दोष मी लपवीत नाही. आषाढ-श्रावणात ती पडवीतून हलत नाही. टपाची रबरे वयोमानाने आखडली आहेत, वळवाची एक सर आली तरी मांडीवर पाण्याची धार लागते. वैशाखात दुपारी बाराला तिच्यात बसणे हा शुद्ध वेडेपणा. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीची नोंदणी नव्याने करण्याचे शुल्क २०२२ साली सहाशेवरून पाच हजारांवर गेले. तेही सोसावे लागते. आणि अपघातात मोठी मोटार आतल्या माणसाला अधिक वाचवते, हेही खरे. मात्र 'आतल्या' हा शब्द पुन्हा एकदा वाचा. जो सायकलवर आहे, जो पायी आहे, त्याला ती वाचवीत नाही. मी रात्री महामार्गावर जात नाही आणि साठाच्या वर काटा नेत नाही. भीती वाटते म्हणून. रस्त्यावर थोडी भीती प्रत्येकाला वाटायला हवी, एकट्या पायी चालणाऱ्यालाच नव्हे.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. माझे वडीलही शिक्षक होते. त्यांना पायपेटी घ्यायची होती. आधी बहिणीचे लग्न, मग घराची कौले, मग आमची शिक्षणे. ती सारी कर्तव्ये त्यांनी पार पाडली आणि पायपेटी निवृत्तीनंतर घेऊ म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांच्या बोटांना संधिवाताने गाठले. लोक त्यांना साधा माणूस म्हणून अजून नावाजतात. मीही नावाजतो, पण ती न वाजलेली पेटी मला त्या स्तुतीतून ऐकू येते. मुलीच्या शिक्षणाचे पैसे मी बाजूला ठेवले आहेत. ते मोडून मोटार घेतली असती, तर माझे कान धरण्याचा अधिकार तुम्हांला होता. ज्याने देणी दिली, त्याने बोटे धड आहेत तोवर आनंद घ्यावा. याला चैन म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

परवा झारापच्या फाट्यावर एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. मी थांबण्याआधीच तिने हाक मारली, "मास्तरानू, माका कुडाळाक सोडशात काय?" टोपली मांडीवर घेऊन ती बसली आणि पदर डोक्याला घट्ट आवळून वाटभर हसत राहिली. माझ्या मोटारीत जागा एकच रिकामी असते, पण ती मागता येते. समितीच्या त्या सद्गृहस्थांची मोठी मोटार आमच्या थोडी पुढेच गेली होती. म्हातारीने तिलाही हात केला होता म्हणे. काचा वर होत्या. त्यांना ऐकू आले नसावे.