विज्ञानमालिकांतील उपेक्षिता

रवींद्रनाथ ठाकूर यांनी आपल्या एका प्रसिद्ध निबंधात ऊर्मिला, अनसूया, प्रियंवदा आणि पत्रलेखा यांची कैफियत मांडली आहे. कवीने या स्त्रियांना कथेत स्थान दिले, पण पुढे त्यांच्या सुखदुःखाची वास्तपुस्त केली नाही, असा त्या निबंधाचा रोख आहे. हा दोष प्राचीन काव्यापुरता मर्यादित राहिला असता, तर तो त्या काळाच्या समाजरचनेवर ढकलता आला असता. परंतु भविष्यकाळाचे चित्र रेखाटण्याचा अधिकार सांगणाऱ्या विज्ञानकथेनेही, विशेषतः दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिकांनी, तोच दोष निमूटपणे पत्करला. त्याची मीमांसा होणे आवश्यक आहे.

१९६३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा हिने व्होस्तोक-६ या यानातून एकटीने पृथ्वीभोवती ४८ प्रदक्षिणा घातल्या. त्यानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर रोजी, बी.बी.सी.ने ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा पहिला भाग प्रक्षेपित केला. मालिकेची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट ही स्त्री होती, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. निर्मितीच्या कक्षात असे नवे वारे वाहत असताना पडद्यावरची वाटणी मात्र जुनीच राहिली. सर्वज्ञ तो वृद्ध पुरुष. विज्ञान शिकवणारा शिक्षक पुरुष. इतिहास शिकवणारी शिक्षिका स्त्री. आणि चौथी ती वृद्धाची नात, जी बुद्धिमान खरी, पण जिच्या वाट्याला वारंवार भयाने किंचाळणेच आले. प्रत्यक्षातील स्त्री अंतराळात जाऊन आली होती. कल्पनेतील स्त्री मात्र अद्याप कुणाचा तरी हात धरून चालत होती.

या रचनेचे एक तांत्रिक समर्थन नेहमी केले जाते, आणि ते सर्वस्वी खोटे नाही. विज्ञानकथेत अपरिचित विश्वाचे स्पष्टीकरण द्यावे लागते. ते थेट प्रेक्षकाला उद्देशून देता येत नाही. म्हणून प्रेक्षकाच्या वतीने प्रश्न विचारणारे पात्र कथेत असावे लागते. हे मान्य केले, तरी प्रश्न विचारणे म्हणजे अज्ञान प्रकट करणे, हे समीकरण मात्र मान्य करता येणार नाही. आपल्या परंपरेत तरी ते कधीच नव्हते. बृहदारण्यकातील गार्गी याज्ञवल्क्याला प्रश्न विचारते ते तिला काही कळत नाही म्हणून नव्हे, तर उत्तराची सीमा कोठे आहे हे तिला पाहावयाचे असते म्हणून. ‘लीळाचरित्रा’तील महदाइसा श्रीचक्रधरांना पुनःपुन्हा पृच्छा करते, आणि तिच्या पृच्छेमुळेच कित्येक लीळांना आशय लाभतो. जिज्ञासा ही बुद्धीची क्रिया आहे. विज्ञानमालिकांच्या लेखकांनी तिला बुद्धीच्या अभावाचे लक्षण ठरविले, हा त्यांचा मूळ प्रमाद होय.

या प्रमादाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण याच मालिकेत सापडते. १९७० साली डॉक्टरची सहकारी म्हणून लिझ शॉ या पात्राची योजना करण्यात आली. ती केंब्रिजची वैज्ञानिक होती. स्वतःच्या कामाविषयी तिला आत्मविश्वास होता. अवघ्या चार कथांनंतर तिला निरोप देण्यात आला. कारण असे की, जिला बरेचसे आधीच ठाऊक आहे तिला समजावून सांगण्याचे निमित्त उरत नाही, अशी निर्मात्याची अडचण होती. ती जाते तीही पडद्याआड. पुढल्या वर्षीच्या पहिल्या कथेत तिचा अभिप्राय दुसऱ्याच्या तोंडून कळतो तो असा की, डॉक्टरला खरी गरज आहे ती परीक्षानळ्या हाती देणाऱ्या आणि त्याची वाहवा करणाऱ्या व्यक्तीची. लेखकाने आपल्याच रचनेचे व्यंग पात्राकडून वदवून घेतले, आणि मग ते व्यंग दूर करण्याऐवजी त्या पात्रालाच दूर केले. तिच्या जागी आलेली जो ग्रँट ही धीट, उमदी आणि प्रेक्षकांची लाडकी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची निवड कोणत्या निकषावर झाली, हे विसरता येत नाही.

अमेरिकेत याहून निराळे घडले नाही. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेचा पहिला नमुना-भाग १९६४ च्या अखेरीस चित्रित झाला, तेव्हा यानावरील दुसऱ्या क्रमांकाचा अधिकार एका स्त्रीकडे होता. वाहिनीने तो नमुना नाकारला. नाकारण्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत, परिणामाविषयी नाहीत. त्या अधिकारी स्त्रीची थंड तर्कनिष्ठा स्पॉक या पुरुषपात्राला बहाल झाली, आणि ती भूमिका करणारी अभिनेत्री मेजल बॅरेट पुढे परिचारिका होऊन परतली. १९६९ मधील त्या मालिकेच्या अखेरच्या भागात तर यानाचे कप्तानपद स्त्रियांना खुले नसल्याचे सूचित होते, आणि ते हवे असणारी स्त्री उन्मादग्रस्त दाखविली जाते. शतके ओलांडणाऱ्या कल्पनेला हा एक उंबरठा ओलांडता आला नाही.

यावर कोणी म्हणेल की, ही केवळ करमणूक आहे. तिच्यावर एवढा भार कशाला? याचे उत्तर त्याच मालिकेने दिले आहे. निशेल निकल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने साकारलेली उहुरा ही संपर्क-अधिकारी होती. तिच्या वाट्याचे संवाद तुटपुंजे असत, आणि पहिल्या वर्षानंतर भूमिका सोडण्याचा विचार तिने केला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपणास परावृत्त केले, असे तिने स्वतः सांगितले आहे. १९७७ पासून याच निकल्सने स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांनी अंतराळवीर व्हावे यासाठी ‘नासा’च्या वतीने प्रचार केला. १९९२ साली अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन हिने उहुराचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. दुय्यम भूमिकेचे एवढे सामर्थ्य असेल, तर ती निष्काळजीपणे लिहिण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

अलीकडच्या काळात या दोषावर एक सोपा उपाय योजिला गेला. १९९५ साली ‘स्टार ट्रेक’च्या एका शाखेत कॅथरिन जेनवे कप्तान झाली, २०१७ साली जोडी व्हिटाकर ही डॉक्टर झाली. हे बदल स्वागतार्हच आहेत. तथापि सिंहासनावरची व्यक्ती बदलली म्हणजे दरबाराची रीत बदलते, असे नाही. एकाने सर्व जाणावे आणि इतरांनी थक्क होऊन ऐकावे, ही रचना तशीच राहिली, तर डॉक्टर स्त्री असो वा पुरुष, सहचराचे उणेपण कायम राहते.

खरा बदल कोणता, हे व्हिटाकरच्याच पहिल्या पर्वातील, विनय पटेल यांनी लिहिलेल्या ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ या भागात दिसते. यास्मिन खान ही सहचरी आपल्या आजीच्या पूर्वायुष्याचा शोध घेऊ इच्छिते. तिच्या आग्रहाखातर डॉक्टर नाखुशीने १९४७ च्या ऑगस्टमध्ये, फाळणीच्या तोंडावरील पंजाबात जाते. तेथे आजीचा एका हिंदू तरुणाशी ठरलेला विवाह, आणि त्या विवाहावर पडलेली फाळणीची छाया, यांची ती साक्षीदार होते. येथे प्रश्न सहचरीचा आहे, आणि त्याचे उत्तर डॉक्टरच्या विद्वत्तेत नाही. ते एका कुटुंबाने जपलेल्या मौनात आहे. कथा सहचरीच्या जिज्ञासेतून निघते आणि तिच्याच जाणिवेत पूर्ण होते. ती दुय्यम राहूनही गौण राहत नाही.

तेव्हा अशा पात्राचे मूल्यमापन करताना पडद्यावर स्त्रिया किती, हे मोजून भागणार नाही. तिने विचारलेल्या प्रश्नाने कथेची दिशा बदलते काय, आणि तिला उत्तर देणाऱ्यालाही त्यातून काही शिकावे लागते काय, हे पाहिले पाहिजे. भारतीय भाषांतून विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना तर ही कसोटी परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. गार्गी आणि महदाइसा यांचा वारसा त्यांच्या हाती आहे. परीक्षानळी देणाऱ्या मदतनिसाचा नमुना त्यांनी उसना आणू नये.