मन शांत केल्याने गाठ विरघळत नाही

परवा एका व्याख्यानमालेत एका आरोग्यवक्त्यांनी छातीठोकपणे सांगितलं: कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, ते वाढलं म्हणजे तुम्ही ताण घेता, तेव्हा ध्यान करा, पहाटे उठा, गोळ्या फेकून द्या. टाळ्याही पडल्या. त्या गर्दीत कुशिंगचा, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त राहण्याच्या आजाराचा, एखादा रुग्ण असेल तर घरी जाऊन त्याने गोळ्यांचं काय केलं असेल, ही काळजी मला सोडत नाही.

ताणाने कॉर्टिसॉल वाढतं, हे खरंच. तापात, भांडणात वाढतं आणि कारण सरलं की उतरतं, कारण त्याला मेंदूचा लगाम असतो. सकाळी भरपूर, मध्यरात्री अगदी कमी, हा फेरा निरोगी शरीर रोज पाळतं. कुशिंगमध्ये हा लगामच तुटतो. आजार औषधामुळे जडलेला नसेल तर बहुतेकदा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत सेंटिमीटरभरही नसलेली गाठ असते, कधी अ‍ॅड्रिनल ग्रंथीतच असते, आणि ती कुणाचं ऐकत नाही. रात्री अकराला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्या, सकाळी आठला रक्त तपासा: निरोगी माणसाचं कॉर्टिसॉल खाली बसतं, रुग्णाचं बसायला हवं तेवढं बसत नाही. नैराश्याने, दारूनेही ते कधी वाढलेलं दिसतं. म्हणून तर मध्यरात्रीची लाळ, चोवीस तासांची लघवी अशा तपासण्या पुन्हा पुन्हा करतात. हार्वी कुशिंग यांनी 1912 मध्ये असा रुग्ण नोंदवला आणि 1932 मध्ये पिट्यूटरीतल्या गाठींशी आजाराचा संबंध मांडला. नव्वद वर्षांहून जुनं हे ज्ञान वक्त्यांच्या कानावर कसं आलं नाही?

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार झाला. चेहरा गोल फुगला, हातपाय काड्या झाले, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे उमटले. बांगड्या भरताना मनगट काळंनिळं पडे. भाजी निवडायला खाली बसली की ओट्याची कड धरल्याशिवाय उठता येईना. येणारा-जाणारा सांगे, भात सोड, चालायला जा. भात तिने कधीच सोडला होता. आजार मांडीचे स्नायू झिजवतोय आणि हे तिला मनोबल शिकवणार!

  

ऑपरेशननंतरही स्टेरॉइड घ्यावं लागतं, मग ऑपरेशन कशाला, असंही ते वक्ते म्हणाले. गाठीमुळे दबलेल्या निरोगी पेशी पुन्हा कामाला लागायला महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड हवंच.

आणि गोळ्या फेका? दम्यासाठी, सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेऊन, कधी भोंदूच्या पुडीतून नकळत पोटात जाऊन, कुशिंग जडलेले रुग्ण गाठवाल्यांहून कितीतरी जास्त आहेत. त्यांनी औषध एकाएकी थांबवलं तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायचं असतं.

उपाय आहेत. पिट्यूटरीतली गाठ नाकावाटे काढतात. त्यासाठी हात मुरलेला सर्जन गाठावा, दूर जावं लागलं तरी. गाठ उरली किंवा परतली तर पुन्हा ऑपरेशन, किरणोपचार, कीटोकोनॅझोलसारखी औषधं, आणि अगदीच नाइलाज झाला तर दोन्ही अ‍ॅड्रिनल काढणं. हायड्रोकॉर्टिसोन चालू असताना ताप आला तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस वाढवायचा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन घ्यायचं. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. ध्यान माझी बहीणही करते, सकाळची गोळी घेऊन. वक्त्यांनी पुढच्या व्याख्यानात निदान ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टेरॉइड बंद करू नका’ एवढं तरी त्याच व्यासपीठावरून सांगावं.