ब्लॉक तरंगला, पुढे काय?
भिंतीसाठीच्या एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचा तुकडा बादलीत सोडून "बघा, तरंगतोय!" म्हणाला दुकानदार, की गिऱ्हाईक खूश. अहो, कच्चा ब्लॉकही तरंगतोच! त्यापेक्षा टेप आणि वजनकाटा न्या. 600 बाय 200 बाय 150 मिलिमीटरचा, घनमीटरला 551 ते 650 किलो घनतेचा कोरडा ब्लॉक साधारण 10 ते 12 किलो भरतो. ओला असेल तर काटा फसवणारच. जाडीत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर स्वस्ताईचे पैसे प्लास्टरमध्ये गेलेच समजा. थप्पीतल्या खालच्या थराचे कोपरे तपासा, नखाने भुगा पडतो का बघा. शेवटी त्याच लॉटचा, आयएस 2185 भाग 3 या भारतीय मानकाप्रमाणे केलेला चाचणी अहवाल मागा. तो नसेल, तर गाडी उतरवून घेऊ नका.